निदानताईचे बारा प्रश्न

श्रुतिकाच्या ब्लाउजवरचा ओला डाग पहिल्यांदा चारचौघांत दिसला तो एका बारशात, आणि तो हेरला तिच्या नवऱ्याच्या, सम्मेदच्या थोरल्या काकूंनी, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. इचलकरंजीतलं ते मंगल कार्यालय माणसांनी भरलेलं होतं. पाळण्यात घालण्याआधी बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत होतं. श्रुतिकाकडे आलं तेव्हा ते रडायला लागलं, म्हणून तिने त्याला उराशी धरलं, थोपटलं आणि पुढच्या बाईकडे दिलं. तेवढ्यात काकूंनी डोळे बारीक केले.

"अगं बया, हिला पान्हा फुटला की गं!"

शेजारच्या बायका हसल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हिच्या लग्नाला तीन वर्षं झालीत आणि हिला मूल नाही. हसू तिथल्या तिथे थांबलं. श्रुतिकाने पदर पुढे ओढून घेतला आणि जेवायला न थांबता ती घरी निघून आली.

पान्हा हा शब्द ओव्यांत फार गोड वाटतो. मूल नसलेल्या बाईच्या अंगावर तो दिसला की लोकांना ओव्या आठवत नाहीत, भलतंच काहीतरी आठवतं. श्रुतिकाला गेला महिनाभर तो ओलावा जाणवत होता. चार महिने पाळीही आली नव्हती. दिवस गेलेत की काय, या आशेने तिने तीनदा घरच्या घरी तपासलं होतं आणि तीनही वेळा ती पट्टी कचऱ्यात टाकली होती. एकतिसावं सरत होतं आणि तिला मूल हवं होतं. हे ती कुणाशी फारसं बोलत नसे, पण रस्त्यावरून कडेवर पोर घेतलेली बाई गेली की तिची मान आपोआप वळायची.

संध्याकाळी सासूबाई तिच्या खोलीत आल्या. राजमती मगदूम, वय सदुसष्ट. श्रुतिका त्यांना आत्या म्हणायची.

"एक विचारतो, राग धरू नको," आत्या म्हणाल्या. "लग्नाआधी तुला दिवस वगैरे गेले होते काय गं?"

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी विचारतो, मी बसतो' असंच बोलतात. तळेगावात वाढलेल्या आणि मराठीत एम.ए. केलेल्या श्रुतिकाला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. "नाही," ती म्हणाली. दारात सम्मेद उभा होता. त्याने प्रश्न ऐकला होता आणि उत्तरही. तो गॅलरीत निघून गेला, आणि आत्यांच्या प्रश्नापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने दंडाला टिकली लावली आणि निदानताईला हाक मारली.

सन २०४३मध्ये हे काही नवलाचं राहिलं नव्हतं. टिकली म्हणजे खरोखर टिकलीएवढीच चकती. दंडाच्या मागे चिकटवायची. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, त्या कातडीखालच्या पाण्यात शिरून तिथली संप्रेरकं मोजतात आणि आकडे मोबाइलवर पाठवतात. ही टिकली विधवांनाही चालते, असा विनोद पहिल्या वर्षी सगळ्यांनी करून घेतला होता. टिकलीचे आकडे, रक्त-लघवीचे अहवाल आणि रोग्याची उत्तरं एकत्र करून रोग सांगणारी यंत्रणा म्हणजे 'निदान'. तिचा आवाज बाईचा, म्हणून लोक तिला निदानताई म्हणत. आपल्या भाषेत 'निदान'चे दोन अर्थ. एक रोग ओळखणं, दुसरा 'कमीत कमी'. कंपनीने नाव ठेवताना दुसरा अर्थ कुणाच्या मनात आला नसावा.

खेडोपाडी डॉक्टर मिळत नव्हते तेव्हा निदानताईने हजारो जीव वाचवले, हे कबूल केलंच पाहिजे. पुढे तिचा शब्द अखेरचा झाला. डॉक्टरांनी फक्त सही करायची. सही करायची नसेल तर कारण लेखी द्यायचं आणि पुढे काही झालं तर जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. कारण लिहीत बसणारे डॉक्टर हळूहळू कमी झाले.

आणि निदानताईचं मराठी श्रुतिकाचं होतं. पुण्यातल्या त्या कंपनीसाठी ती घरूनच काम करायची, भाषा-संपादक म्हणून. रोग्याला विचारायच्या बारा प्रश्नांचं शेवटचं रूप तिने लिहिलं होतं. त्यातला सातवा प्रश्न तिच्या हाती आला तेव्हा असा होता: "कुठल्या कुठल्या गोळ्या घेता? तापाच्या, पित्ताच्या, झोपेच्या, शक्तीच्या? काढा, चूर्ण काही?" शिरोळ तालुक्यात चाचणी घेतली तेव्हा बायकांनी या प्रश्नावर बैठक मारली. एका आजीने एकट्या सातव्या प्रश्नावर अकरा मिनिटं घेतली. त्यात तिच्या सुनेच्या गोळ्या आल्या, शेजारणीच्या आल्या, म्हशीला दिलेलं औषधही आलं. सगळे प्रश्न मिळून वेळ दिली होती चार मिनिटं. श्रुतिकाने तो प्रश्न कापून, घासून, नेटका केला: "आपण सध्या कोणती औषधे घेत आहात?" उत्तराचा सरासरी वेळ नऊ सेकंदांवर आला. तिच्या वरिष्ठ पुराणिक मॅडम बैठकीत म्हणाल्या होत्या, "याला म्हणतात मराठी." तेव्हा श्रुतिकाची कॉलर ताठ झाली होती, आणि का होऊ नये?

आता तेच प्रश्न तिला विचारले जात होते. आपलीच वाक्यं परक्या आवाजात ऐकताना तिला जरा गंमत वाटली.

"आपण सध्या कोणती औषधे घेत आहात?"

"कोणतीही नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तुम्ही-आम्हीही हेच उत्तर दिलं असतं.

कोल्हापूरच्या रुग्णालयात डॉ. फरीदा मुजावर यांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. ती प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक तयार करते. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळे. इतर वेळी मेंदू डोपामिन नावाचं रसायन पाठवून या ग्रंथीवर सतत हात दाबून असतो. हात सैल पडला की प्रोलॅक्टिन वाढतं. ते वाढलं की शरीराची समजूत होते, पदरात बाळ आहे. मग दूध येतं, पाळी थांबते, बीज पिकत नाही, हाडं ठिसूळ होत जातात.

"पंचविसाच्या आत हवं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं शहाण्णव आहे. कारणं बरीच असतात. थायरॉईड मंद असलं तर वाढतं, मूत्रपिंड बिघडलं तर वाढतं, काही औषधांनी वाढतं. तुमचं थायरॉईड, मूत्रपिंड चांगलंय. औषध तुम्ही घेत नाही. राहिली गाठ. आणि एमआरआयमध्ये ग्रंथीवर तीन मिलिमीटरचा ठिपका दिसतोय."

"कॅन्सर?"

"नाही, नाही. साधी गाठ. खरं सांगू? दहा निरोगी माणसांचे फोटो काढले तर एखाद्याच्या ग्रंथीवर असला ठिपका सापडतो. तो काही करत नाही."

"मग माझाही तसाच असेल तर?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "निदान म्हणतंय, दूध या गाठीमुळेच. चौऱ्याण्णव टक्के. नाही म्हणायचं तर मला कारण लिहावं लागेल."

"आणि तुमच्याकडे कारण नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि सही केली. दुसऱ्या एका अहवालावर बोट ठेवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. श्रुतिकाच्या बीजांचा साठा वयाच्या मानाने कमी होता. मूल हवं असेल तर हाताशी दोन वर्षं होती, फार तर अडीच.

गाठ निघाली आणि घरात सगळं बदललं. बाई वाईट चालीची असण्यापेक्षा बाईच्या डोक्यात गाठ असणं आपल्याकडे केव्हाही बरं. आत्या रडल्या. "माझी जीभ झडू दे," त्या म्हणाल्या, "पोरीवर भलता संशय घेतला." सम्मेदने काही म्हटलं नाही, पण त्या आठवड्यात रोज तिच्यासाठी गजरा आणला. गजऱ्याने जे सांगायचं ते तोंडाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं श्रुतिकाला वाटलं.

निदानताईने आठवड्यातून दोनदा घ्यायची एक गोळी दिली. ही गोळी डोपामिनचं काम करते, ग्रंथीवर हात दाबते. बहुतेक बायकांत महिन्या-दोन महिन्यांत प्रोलॅक्टिन खाली येतं. एकच त्रास, तिने मळमळतं. श्रुतिकाला तर इतकं मळमळायचं की फोडणीचा वास आला तरी ती बेसिनकडे धावायची.

"पित्त झालंय तुला," आत्या म्हणाल्या.

इथे पित्ताबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. मराठी घरात पित्ताला कुणी आजार समजत नाही, पित्त हा माणसाचा स्वभाव असतो. डोकं दुखलं, पित्त. चिडचिड झाली, पित्त. जागरण, उपास, लग्नातलं जेवण, सगळ्याचा शेवट पित्तात. आणि पित्ताची गोळी फ्रिजवर किंवा चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते, औषधांच्या खणात नसते. श्रुतिका गेली दोन वर्षं रोज सकाळी, उपाशीपोटी, दात घासल्यासारखी ती गोळी घेत होती. तळेगावात तिची आई घ्यायची, इथे आत्या घ्यायच्या.

आता आत्या स्वतः ती गोळी तिच्या उशाशी आणू लागल्या. हातात कोमट पाण्याचा पेला, पेल्यावर ठेवलेली बशी, बशीत गोळी. "आधी ही घे, मग चहा." संध्याकाळी पुन्हा एक. त्या बशीत आत्यांची सगळी माफी होती. श्रुतिकाला ते कळत होतं, म्हणून मळमळ नसली तरी ती घ्यायची. सासू-सुनेचं इतकं सूत यापूर्वी कधी जमलं नव्हतं. दुपारी आत्या तिच्या केसांना तेल लावत आणि पोटातल्या पोटात घाबरत, की हिला मूल झालंच नाही तर?

प्रोलॅक्टिन एकशे अठरावर गेलं. निदानताईने गोळीची मात्रा दुप्पट केली. मळमळ वाढली. आत्यांनी दुपारचीही एक बशी सुरू केली. आकडा एकशे एक्केचाळीस झाला.

"आपल्या शरीरातील गाठ औषधास दाद देत नाही," एका सकाळी निदानताई म्हणाली. "ध्वनिकिरणांद्वारे गाठ नष्ट करण्याची शिफारस करण्यात येत आहे." वाक्य श्रुतिकाचंच होतं. लिहिताना ते तिला भारदस्त वाटलं होतं.

कवटी न उघडता, बाहेरून ध्वनीचे शेकडो किरण एका बिंदूवर आणून तो बिंदू जाळायचा, असा तो उपाय. शंभरातल्या तिघींच्या बाबतीत शेजारची ग्रंथीही भाजते. श्रुतिकाने सम्मेदला विचारलं.

"तुझं शरीर, तुझा निर्णय," तो म्हणाला. हे वाक्य दिसायला फार सुधारलेलं आहे. नवऱ्याला काही ठरवायचं नसलं की ते फार उपयोगी पडतं.

"मला एकटीला ठरवायला लावू नकोस रे."

"मग मी काय सांगू? दोन वर्षं आहेत म्हणाले. थांबायचं तर किती थांबायचं?"

आत्या म्हणाल्या, "तीनच म्हंजे काय गं? सत्त्याण्णव जणी बऱ्या होतात की."

श्रुतिकाने संमतीचा अंगठा टेकवला. ती त्या तिघींतली निघाली.

पहिले आठ दिवस ते कुणालाच कळलं नाही. रुग्णालयात तिला सगळं शिरेवाटेच दिलं जात होतं. प्रोलॅक्टिन बावीसवर आलं आणि सम्मेदने मजल्यावरच्या सगळ्या नर्सना पेढे वाटले. नवव्या दिवशी ती उभी राहिली आणि भोवळ येऊन पडली. मग तपासण्या झाल्या. मुजावर मॅडम आल्या आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. ग्रंथीचा एक भाग जळाला होता. अंगात ताकद टिकवणाऱ्या संप्रेरकाचा निरोप त्याच भागातून जायचा, तो आता जात नव्हता. त्यामुळे दिवसातून तीनदा स्टेरॉइडची गोळी, जन्मभर. आणि बीज पिकव, असा अंडाशयाला जाणारा निरोपही तिथूनच निघायचा. तोही थांबला होता.

"इंजेक्शनांनी प्रयत्न करता येतो," त्या म्हणाल्या.

प्रयत्न दोनदा केला. आधीच साठा कमी, त्यात एकही बीज पिकलं नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच नको म्हटलं. त्या दिवशी घरी येताना सम्मेद गाडीत रडला आणि श्रुतिका खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला त्याचा राग आला होता. रडायचा मान निदान तिचा होता.

आणि तेवढ्यात दूध परत आलं. रुग्णालयातून आल्यावर आत्यांची बशी पुन्हा सुरू झाली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. निदानताईने आकडे पाहिले आणि दुसऱ्यांदा किरण देण्याची शिफारस केली.

त्या आठवड्यात कोपऱ्यावरची औषधपेटी बंद पडली. बोट लावलं की गोळ्या देणारी ती पेटी आल्यापासून औषधांच्या दुकानात कुणी जात नसे. स्टेरॉइड संपलेलं चालणार नव्हतं, म्हणून श्रुतिका गावभागातल्या तेरदाळेकाकांच्या जुन्या दुकानात गेली. काका पंचाहत्तरीचे. गिऱ्हाईक आल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी स्टूल पुसून दिलं. तिने स्टेरॉइड घेतलं आणि जाता जाता म्हणाली, "आणि पित्ताच्या गोळ्यांची चार पाकिटं."

"चार? घरात किती माणसं ओ?"

"मीच घेते. दिवसाला तीन."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीन? आणि मुलंबाळं किती? अंगावर पिणारं कोण हाय काय?"

"नाही. का?"

"न्हाई, ह्याच्यात नुस्तं पित्ताचं नसतंय. डोम्पेरिडोन असतंय, उलटीचं. त्यानं दूध येतंय बाईला. पूर्वी बाळंतिणीला दूध कमी असलं की डॉक्टर मुद्दाम द्यायचे. मी स्वतः दिलेत की कितीतरी. तुम्हाला कोण सांगितलं न्हाई?"

श्रुतिका स्टुलावर बसली. मेंदू डोपामिनचा हात ग्रंथीवर दाबत होता आणि ही गोळी तो हात उचलत होती. निदानताईची गोळी पुन्हा दाबत होती, तिने मळमळत होतं, मळमळ झाली की आत्या आणखी एक बशी आणत होत्या, आणि हात पुन्हा उचलला जात होता. ठिपका बिचारा काहीच करत नव्हता. तो दहातल्या एकाचा होता.

तिने तिथेच मोबाइल काढला आणि निदानताईला सांगितलं, उत्तर बदलायचं आहे, प्रश्न सातवा. गोळीचं नाव सांगितलं. अर्धा सेकंद गेला.

"प्रोलॅक्टिनवाढीचे कारण: औषध. शक्यता सत्त्याण्णव टक्के. सदर औषध बंद करावे. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

तेरदाळेकाकांनी तिला पाणी दिलं.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, कारण लपवलं असतं तर संध्याकाळी बशी आलीच असती. सम्मेद ताडकन उठला. वकील, तक्रार, कंपनीला कोर्टात खेचतो, असं बरंच काही बोलला. मग त्याने विचारलं, "तो प्रश्न लिहिला कुणी?"

"मी."

त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"माझी चूक आहे, आत्या," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो प्रश्न माझा होता."

"तू कागदावर लिहिलंस बाई," आत्या म्हणाल्या. "गोळी मी हातानं दिली. रोज. तू नको म्हणालीस तरी दिली." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे सांगलीला निघून गेल्या. श्रुतिकाने फोन केला की म्हणत, "येतो की, येतो," पण येत नव्हत्या.

पुराणिक मॅडमना तिने सगळं लिहून कळवलं. त्यांनी लगेच फोन केला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे आवाजातून कळत होतं.

"प्रश्न आपण बदलूया, श्रुतिका. पुढच्या आवृत्तीत. मार्चमध्ये येईल."

"आणि ज्यांची निदानं झालीत त्या?"

"सगळ्यांना कळवायचं म्हणजे... हे बघ, रुग्णाने उत्तर दिलंय, औषध घेत नाही. आपल्या बाजूने नोंद अगदी स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे, मॅडम. मीच केली होती ना स्वच्छ."

मुजावर मॅडमनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आमच्या वेळी पहिला धडा हाच होता," त्या म्हणाल्या. "पिशवी रिकामी करायला लावा, काय काय खाता ते डोळ्यांनी बघा. विचारायची सवयच गेली हो. माफ करा मला." मग म्हणाल्या, "गुरुवारी किरणांसाठी आणखी एक मुलगी आहे. तेवीस वर्षांची. गाठ औषधाला दाद देत नाही."

"थांबवा मग. तुमच्याकडे आता कारण आहे."

"काल तिला बोलावून विचारलं, औषध घेतेस का? म्हणाली, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. कदाचित खरंच गाठ असेल. मी काय लिहू?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "ती परवा तपासणीला येतेय. तिची हरकत नसेल तर तुम्ही विचाराल?"

प्रांजल खोत हुपरीची. चांदीच्या पैंजणांचे नमुने काढायचं शिकायला ती रोज कोल्हापूरला यायची. लग्न ठरलेलं, ते या आजारापायी लांबलेलं. बरोबर आई होती. बोलायला दोघींची ना नव्हती. श्रुतिका त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"पित्ताची गोळी घेतेस?" तिने सरळच विचारलं.

"नाही ओ. मला पित्त नाही."

"झोपेची? वजनाची? कुठलीच गोळी?"

"कुठलीच नाही. मॅडमनी पण हेच विचारलं त्या दिवशी."

असेलही गाठ. मग शिरोळच्या त्या चाचणीतल्या बायका तिला आठवल्या. त्या प्रश्नाला उत्तर देत नव्हत्या, सकाळपासूनचा दिवस सांगत होत्या.

"बरं, राहू दे गोळ्यांचं," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय घालतेस, तेवढं सांग मला. घाई नाही."

प्रांजल हसली. मग सांगू लागली. गरम पाणी लिंबू घालून. चहा, बिनसाखरेचा. भाकरी आणि काल उरलेलं काहीतरी. मग आवरायचं, डबा भरायचा, स्टँडवर जायचं. बसमध्ये शेंगदाण्याची चिक्की.

"बसमध्ये खातेस? त्रास होत नाही?"

"आधी लई व्हायचा. मला गाडी लागते ना. आता गाडी सुटायच्या आधी एक घेतो मी, संध्याकाळी परत निघताना एक. मग काही होत नाही."

"एक काय?"

प्रांजलने पर्स उघडून पाकीट काढलं. दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या. श्रुतिकाने मागची बारीक अक्षरं वाचली. डोम्पेरिडोन.

"प्रांजल, ही गोळी आहे."

"ही? ही गाडीची ओ," प्रांजल म्हणाली. "ही काय औषध न्हवं."

श्रुतिकाने ते पाकीट डॉक्टरांकडे पाठवलं. मुजावर मॅडम आतून उठून बाहेर आल्या, उभ्या उभ्या त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि म्हणाल्या, गुरुवारचं रद्द. पंधरा दिवस ही गोळी बंद, मग पुन्हा मोजू. गाडी लागली तर खिडकीशी बस, पिशवी जवळ ठेव, पण ही नको. प्रांजलला अजून नीट उमजलं नव्हतं. तिच्या आईला उमजलं. बाई बाकावरून उठली आणि श्रुतिकाचे दोन्ही हात धरून रडू लागली.

"देवासारख्या भेटलात ओ ताई. पोरीचं वाटोळं झालं असतं. तुमचे उपकार कसे फेडू मी? देव तुमच्या लेकराबाळांना उदंड आयुष्य देऊ दे."

"हो," श्रुतिका म्हणाली. बाईने हात सोडल्यावर तिने पर्समधून दुपारची स्टेरॉइडची गोळी काढली आणि पाणी कुठे मिळेल ते विचारलं.